घर तेच, पत्ता रोज नवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती इंटरनेटच्या वेगाबद्दल वाचकांची पत्रं गेल्या रविवारी आपण छापलीत. शंभरचा प्लॅन घेतला की चाळीस मिळतात, रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकतो, तक्रार केली की राउटर बंद-चालू करायला सांगतात. या तक्रारी खऱ्या आहेत. पण सगळी पत्रं वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली. बाहेरून घरात किती येतं एवढंच आपण मोजतो आहोत. घरातून बाहेर काही देता येतं का, हे एकाही पत्रात नव्हतं. मी गेली चार वर्षं माझ्या घरातून रोज काहीतरी देते आहे. त्यासाठी जी यातायात करावी लागली ती दुसऱ्या कुणाला करावी लागू नये, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण काटछाट करताना मधली तांत्रिक माहिती काढू नये ही विनंती. मुद्दा तिथेच आहे.

मी नाशिकला मखमलाबाद रोडला राहते. दूरध्वनी केंद्रात ३१ वर्षं नोकरी केली. सुरुवात परगावचे फोन हाताने जोडायच्या ट्रंक बोर्डावर, कानाला हेडसेट आणि दोन्ही हातांत कॉर्ड. शेवट ब्रॉडबँडच्या तक्रारी सोडवण्यात. निवृत्तीनंतर गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. त्याच्या पोटात सी-सॉसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की खाली झुकतं, पाणी सांडतं आणि दुसरं वर येतं. माझ्या यंत्रात असं एक झुकणं म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. तिथून एक वायर जिन्यातून खाली आली आहे, देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेल्या रास्पबेरी पायपर्यंत. हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आहे, पंखा नाही, आवाज नाही, इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. प्रत्येक झुकण्याची वेळ तो लिहून ठेवतो आणि पावसाचा तक्ता एका पानावर दाखवतो. यंत्राशेजारी हाताने मोजायचा साधा मापकही आहे. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची जी वेळ तीच, मी काचेच्या नळीतला आकडा वहीत लिहिते आणि यंत्राशी ताडून बघते. मुसळधार पावसात यंत्र थोडं कमी मोजतं, कारण पात्र झुकत असताना पडलेलं पाणी हिशोबातून सुटतं. ती तफावतही मी पानावर देते.

हा तक्ता बघतं कोण? मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे भागातले द्राक्ष बागायतदार. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असते आणि नेमका तेव्हा अवकाळी पाऊस येतो. अशा वेळी एकूण पाऊस किती यापेक्षा तो कधी लागला, कधी उघडला आणि पान किती तास ओलं राहिलं, हे त्यांना हवं असतं. डावण्या या बुरशीच्या रोगावरची फवारणी आज घ्यायची की उद्यावर टाकायची, हे त्यावर ठरतं. ज्याने एकदा डावण्याने गेलेली बाग पाहिली आहे, त्याला मी हे सांगायला नको. पावसाळ्यात वाघाडी नदीकाठची काही मंडळीही बघतात. त्यांच्यासाठी पानावर ठळक लिहून ठेवलं आहे की हा पुराचा इशारा नव्हे. धरणाचा विसर्ग आणि धोक्याची सूचना प्रशासन देतं, तीच मानावी. हा आकडा फक्त एका गच्चीवरचा आहे.

सुरुवातीला मी हे तक्ते एका कंपनीच्या मोफत पानावर टाकत होते. एके दिवशी त्या सेवेचा गाशा गुंडाळला गेला. सूचना आली होती, पण ती मी उघडतच नसलेल्या एका जुन्या मेलवर. सहा पावसाळ्यांचे तक्ते गेले. वह्या होत्या म्हणून साडेआठचे आकडे वाचले. मिनिटामिनिटाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. असं फक्त माझं झालं नाही. लोकांना मोफत पानं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. लोकांनी हौसेने, मायेने मांडलेलं किती काय त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हाच ठरवलं की नाव आपलं, मशीन आपलं, जागा आपली.

नाव घेणं सोपं गेलं. एक डोमेन .इनमधलं घेतलं आणि एक देवनागरीतलं, .भारत असलेलं. हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीसाठीही चालतं. आतून ते एका लांबलचक रोमन सांकेतिक रूपात साठवलं जातं, नोंद करताना तेच भरावं लागतं. पण बागेत उभ्या असलेल्या माणसाला फोनवर नाव सांगताना एकही स्पेलिंग सांगावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण होती पत्त्याची. घराला इंटरनेटवर जो आयपी अ‍ॅड्रेस मिळतो तो आपल्या मालकीचा नसतो. राउटर पुरवठादाराकडे डायल करतो आणि त्या घडीला जो पत्ता मोकळा असेल तो मिळतो. लाईट गेली, राउटर बंद पडला, परत आला की नवा पत्ता. कधी काहीही न होता पहाटे तीनलाही बदलतो. सुरुवातीला मी तो हाताने बदलत असे. सकाळी चहा ठेवला की राउटरचं पान उघडायचं, पत्ता बघायचा, वेगळा दिसला तर डोमेनच्या नोंदीत नवा घालायचा.

आणि मग ऑक्टोबरमधली ती सकाळ आली. रात्री दीडच्या सुमाराला ढगांचा गडगडाट, वीज कडाडली आणि लाईट गेली. संगणक इन्व्हर्टरवर होता, त्यामुळे पाऊस मोजला जात होता. राउटर मात्र तेव्हा इन्व्हर्टरवर नव्हता. पहाटे लाईट आली. सहा वाजता मातोरीच्या एका बागायतदाराचा फोन. “काकू, पाऊस किती झाला ते दिसतच नाही. तुमच्या पानावर तर कुणाच्या तरी कॅमेऱ्याचा पासवर्ड मागतंय.” मी माझ्या मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडलं. खरंच. माझं नाव टाइप केलं की एका डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, लॉगिन पान येत होतं, कंपनीच्या नावासकट. माझा जुना पत्ता रात्रीतून दुसऱ्या ग्राहकाला गेला होता, बहुधा याच शहरातल्या कुणाला तरी. माझं नाव अजून त्याच्या दाराकडे बोट दाखवत होतं आणि माझे पंचवीस-तीस वाचक त्या दारावर जाऊन उभे होते. त्यांच्यातल्या कुणी सहज म्हणून कारखान्यातून आलेला ठरावीक पासवर्ड टाकून पाहिला असता, तर कदाचित एखाद्याचं घर आतून दिसलं असतं. त्या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. त्या माणसाला कळवायचं म्हटलं तरी तो कोण, हे मला कळायला मार्ग नव्हता.

तेव्हा माझ्या पानाला, ते खरंच त्या नावाचं आहे याची ग्वाही देणारं सर्टिफिकेट नव्हतं. असतं, तर ब्राउझरने इशारा देऊन वाचकाला दारातच अडवलं असतं. ते त्याच आठवड्यात घेतलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते मोफत मिळतं, ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं. पुरवठादाराने ८० नंबरचं पोर्ट, म्हणजे वेबपानांसाठीचं दार, बंद ठेवलं असेल तरी अडत नाही. डोमेनच्या नोंदीत त्यांनी दिलेली एक खूण ठेवून नाव आपलंच असल्याचं सिद्ध करता येतं.

आमच्या काळात १९७ हा चौकशीचा नंबर होता. नाव सांगा, नंबर घ्या. इंटरनेटवर हेच काम डीएनएस करतं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही रचना मांडली आणि आजही ती तशीच चालते: नाव विचारलं की पत्ता मिळतो, आणि सोबत एक मुदत मिळते, तिला टीटीएल म्हणतात. इतके सेकंद हा पत्ता लक्षात ठेवा, मग पुन्हा विचारा. माझ्या नोंदीवर ती ८६४०० सेकंद होती, म्हणजे पूर्ण एक दिवस. मी सकाळी सव्वासहाला नवा पत्ता घातला तरी काही बागायतदारांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो कॅमेराच दिसत राहिला. पाऊस पडून गेल्यावरचा नेमका तोच दिवस त्यांच्या कामाचा होता.

टेलिफोनमध्ये सोडून दिलेला नंबर आम्ही लगेच दुसऱ्याला देत नसू. काही काळ तो रिकामा ठेवायचा, जुन्या माणसाला येणारे फोन ओसरू द्यायचे, मग नव्याला. ही साधी माणुसकीची रीत होती. घरगुती पत्त्यांच्या बाबतीत तीही पाळली जात नाही, आणि मुदतीचं हे गणित ग्राहकाला कुणी सांगतही नाही.

त्यानंतर हाताने बदलणं बंद केलं. शेजारी इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीने पहिली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप करायच्या कामांची यादी, लिहून दिली, पुढचं मी शिकत गेले. दर पाच मिनिटांनी संगणक बाहेरच्या एका सेवेला विचारतो, “मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतो?” मागच्या वेळेपेक्षा उत्तर वेगळं असेल तरच तो डोमेनच्या नोंदीत बदल कळवतो. उगाच दर पाच मिनिटांनी कळवत राहिलं तर डोमेनची नोंद ठेवणारी कंपनी आपल्याला अडवते, आणि ते बरोबरच आहे. बदल कळवण्यासाठी जी किल्ली लागते, तिला मी फक्त त्या एका नोंदीपुरता अधिकार दिला आहे. हा संगणक उद्या कुणाच्या हाती लागला तरी माझं पूर्ण डोमेन पळवता येऊ नये. टीटीएल ३०० सेकंदांवर आणला. राउटर इन्व्हर्टरवर घेतला. नोंद अशी दूरवरून बदलता यावी याची रीत १९९७ सालीच ठरली आहे. यात नवलाईचं असं काही नाही.

ज्यांना स्क्रिप्टच्या वाटेला जायचं नाही, त्यांच्यासाठी डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलता पत्ता आपोआप नोंदवून देणाऱ्या सेवा आहेत. बहुतेक राउटरमध्ये त्यासाठी रकाना असतो. त्या एक तयार नाव देतात आणि आपल्या डोमेनवरून त्या नावाकडे सीनेम नावाची नोंद करता येते. मात्र डोमेनच्या मूळ नावाला ती लागत नाही. आधी एखादा शब्द जोडावा लागतो. मी ‘पाऊस’ जोडला होता. आणि कृपा करून फक्त त्यांचं मोफत नाव लोकांना वाटू नका. डाइन या गाजलेल्या कंपनीने आपली मोफत सेवा मे २०१४ मध्ये थांबवली. ज्यांनी स्वतःचं डोमेन पुढे ठेवलं होतं त्यांना मागची एक नोंद बदलून भागलं. बाकीच्यांना नवं नाव घरोघर कळवत बसावं लागलं.

ही व्यवस्था दोन वर्षं बिनबोभाट चालली. गेल्या मे महिन्यात अचानक पान उघडेनासं झालं. स्क्रिप्ट तिचं काम करत होती, पत्ता वेळेवर कळवला जात होता, बाहेरून आलेल्याला त्या संगणकाकडे वळवणारं राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग जागच्या जागी होतं. तरी बाहेरून कुणाला आत येता येईना. तीन संध्याकाळी मी वायरी, राउटर, स्क्रिप्ट, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. चौथ्या दिवशी राउटरच्या पानावरचा पत्ता आणि बाहेरच्या सेवेने सांगितलेला पत्ता एका कागदावर शेजारी शेजारी लिहिला. दोन्ही वेगळे. राउटरवरचा १००.७४ ने सुरू होत होता. तेव्हा उलगडा झाला.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये एका खास कामासाठी राखून ठेवले गेले. पुरवठादाराने बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता द्यायचा आणि आतल्या आत वाटणीसाठी हे पत्ते वापरायचे. याला सीजीनॅट म्हणतात. ग्राहक आतून बाहेर कुठेही जाऊ शकतो, व्हिडिओ बघू शकतो, पैसे भरू शकतो, म्हणून त्याला फरक जाणवत नाही. पण बाहेरून येणारा त्या सामायिक पत्त्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. आतल्या कोणत्या घरात जायचं हे सांगणारी नोंद पुरवठादाराच्या मशीनवर असते. माझ्या राउटरवर मी कितीही फॉरवर्डिंग केलं तरी तिथपर्यंत माझा हात पोचत नाही. अशा वेळी राउटरमधला डायनॅमिक डीएनएसचा रकानाही दगा देतो. तो आपला १०० ने सुरू होणारा पत्ता इमाने इतबारे जगाला कळवतो आणि तो पत्ता बाहेरच्या कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

हा बदल करताना मला एक एसएमएससुद्धा आला नाही. बिल तेच, प्लॅनचं नाव तेच, वेग तोच. तक्रार नंबरवरच्या मुलाने तीन वेळा स्पीड टेस्ट करायला लावली. तो बिचारा नवा होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच खुर्चीवर मीही बसले आहे. चौथ्या वेळी वरिष्ठ भेटले. स्थिर पत्ता मिळेल म्हणाले, पण तो व्यावसायिक कनेक्शनवर, त्यासाठी जीएसटी नंबर हवा. पासष्टी उलटलेल्या बाईने गच्चीवरचा पाऊस लोकांना फुकट सांगायला जीएसटी नंबर कुठून आणायचा?

सामायिक पत्त्याचा आणखी एक त्रास लोकांना होतो, पण त्याचं मूळ कळत नाही. माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरत होता आणि त्याला संदेश आला की तुमच्या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, नंतर प्रयत्न करा. त्याने तर तेव्हाच पान उघडलं होतं. त्याच पत्त्यामागे बसलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या उद्योगाची शिक्षा त्याला मिळत होती.

पत्ते कमी आहेत हे मला मान्य आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळ्या जगासाठी मिळून सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा वाटाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला. पुरवठादार काय करणार, असं मला ऐकवलं जातं. मी त्यांना एकच सांगते. नाशिकमध्ये टेलिफोनचे नंबर कमी पडायला लागले तेव्हा आम्ही वीस घरांना एक नंबर दिला नाही. आम्ही आकडे वाढवले. शेवटी तर जुन्या नंबरांपुढे २ लावला, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, जुना नंबर फिरवणाऱ्याला टेप ऐकवली. लोकांनी थोडी कुरकुर केली आणि डायऱ्यांमध्ये २ लिहून घेतला. ०२५३ च्या मागे प्रत्येक घर स्वतःच्या नंबराने उभं राहिलं.

इंटरनेटवरही आकडे वाढवून झालेले आहेत. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्ते १२८ बिटांचे असतात. त्याची नियमावली डिसेंबर १९९८ ची, आणि ६ जून २०१२ पासून जगातल्या मोठ्या कंपन्यांनी ते कायमचे सुरू केले. आपला देश तर यात जगात पुढच्या रांगेत आहे. आज आपल्या खिशातल्या मोबाइलला बहुधा असा पत्ता मिळालेलाच असतो. मलाही घरच्या कनेक्शनवर मिळाला. मी लगेच डोमेनमध्ये या नव्या पत्त्यासाठीची क्वाड-ए नावाची नोंद केली, राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ते अडवणाऱ्या पहाऱ्यात, फक्त त्या एका संगणकाला वाट मोकळी केली आणि मातोरीच्या बागेतून, मोबाइलवरून, पान उघडलं. फार आनंद झाला होता.

तो आनंद पुढच्या वेळी राउटर नव्याने डायल करेपर्यंत टिकला. कारण नव्या पत्त्याचा पुढचा अर्धा भागही पुरवठादार प्रत्येक डायलला बदलतो. नोंद स्क्रिप्टने बदलली, पण राउटरमधला फायरवॉलचा नियम जुन्या पूर्ण पत्त्याला बांधलेला होता. तो तिथेच लटकत राहिला आणि दार बंद झालं. शिवाय गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या जुन्या लाइनवर आयपीव्ही६ नाहीच, तिथून पान कधीच उघडलं नाही. आयपीव्ही६ मध्ये पत्ते तुटपुंजे आहेत ही सबब चालत नाही. एकेका ग्राहकाला देता येतील एवढे पत्ते इथे आहेत की मोजताना शून्यं कमी पडावीत. युरोपात पत्त्यांचं वाटप बघणाऱ्या राइपच्या मंडळींनी ऑक्टोबर २०१७ मध्येच पुरवठादारांना लेखी शिफारस केली आहे की घरगुती ग्राहकाला हा पुढचा भाग कायमचा द्या, सारखा बदलू नका. कायमचा देण्याने ग्राहकाची आणि तक्रार नंबरवर बसलेल्या माणसाचीही डोकेदुखी कमी होते.

सध्या माझं पान चालू आहे ते एका आडवाटेने. दुसऱ्या शहरात, स्थिर पत्ता असलेलं एक छोटं मशीन मी भाड्याने घेतलं आहे. घरचा संगणक वायरगार्ड नावाच्या बोगद्यातून त्याला स्वतःहून फोन लावतो आणि लाइन धरून ठेवतो. दर २५ सेकंदांनी एक हुंकार देतो, म्हणजे मधलं कुणी लाइन तोडत नाही. वाचक त्या मशीनच्या दारात येतो आणि बोगद्यातून माझ्या फळीपर्यंत पोचतो. घराचा पत्ता कितीही बदलो, सीजीनॅट असो, काही बिघडत नाही. ज्याला आज, याच कनेक्शनवर, काही सुरू करायचं आहे त्याला मी हाच मार्ग सांगीन. तो पक्का आहे. पण त्यासाठी दरमहा वेगळं भाडं जातं. माझ्या घराचं दार दुसऱ्याच्या इमारतीत आहे, आणि तो मालक उद्या नाही म्हणाला तर मी पुन्हा रस्त्यावर. इंटरनेटचे पैसे मी भरते ते माझ्या घराच्या जोडणीचे. ही जोडणी फक्त एका बाजूने उघडणारी आहे, हे मला कधी सांगितलं गेलं नाही.

घरातून दार उघडणं धोक्याचं आहे, असं काही जण म्हणतील. धोका आहेच, आणि त्याकडे मी डोळेझाक करत नाही. पहिल्यांदा पोर्ट उघडलं तेव्हा संगणकाच्या नोंदवहीत बघत बसले होते. दहा मिनिटांच्या आत कुठल्या कुठल्या देशांतून दार ठोठावणं सुरू झालं. म्हणून त्या संगणकावर पावसाखेरीज दुसरं काहीही नाही, बँकेचे कागद नाहीत, फोटो नाहीत. तो घरातल्या बाकीच्या उपकरणांपासून वेगळ्या जाळ्यावर आहे. एकच पोर्ट उघडं आहे. आत शिरायला पासवर्ड चालतच नाही, किल्लीची फाइल लागते, आणि सुरक्षा दुरुस्त्या रोज आपोआप बसतात. घरून मेल सर्व्हर मात्र चालवू नये हे माझं स्पष्ट मत आहे. मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंद असतं, पत्त्यावरून नाव सांगणारी उलट्या चौकशीची नोंद आपल्या हातात नसते आणि घरगुती पत्त्यावरून आलेलं पत्र जग कचऱ्यात टाकतं. खरा धोका ज्यांना आहे ते बंगल्याबंगल्यातले डीव्हीआर आहेत. बसवणारा माणूस पोर्ट उघडून, कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो आणि घरमालकाला कल्पनाच नसते. ज्यांनी कॅमेरे बसवले आहेत त्यांनी आज संध्याकाळीच तो पासवर्ड बदलावा, हे मी हात जोडून सांगते. त्या ऑक्टोबरच्या सकाळी मी ते दार प्रत्यक्ष पाहिलं आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ग्राहकाने काय बघायचं हे पुरवठादाराने ठरवू नये, असा तो निर्णय होता. ग्राहकाने घरातून काय द्यायचं, याचाही विचार त्याच आस्थेने व्हावा असं माझं मागणं आहे. प्लॅन विकताना वेगाच्या शेजारी एक ओळ छापावी: पत्ता स्वतःचा की सामायिक, बदलणारा की स्थिर. मधेच सामायिक करणार असाल तर आधी कळवा. स्थिर पत्ता घरगुती ग्राहकालाही मिळावा, जीएसटी नंबर न मागता, त्याचा दर सगळ्यांना दिसेल असा छापून. जुन्या पत्त्यांची टंचाई आहे म्हणून त्याला पैसे लागतील हे मला मान्य आहे, मी ते द्यायला तयार आहे. आयपीव्ही६ चा पुढचा भाग मात्र कायमचा आणि विनाशुल्क मिळायला हवा, कारण तिथे टंचाईच नाही.

आपल्या शहरात इंजिनिअरिंगची इतकी महाविद्यालयं आहेत. तिथल्या मुलांनी पहिलं पान स्वतःच्या घरातून, स्वतःच्या नावावर जगाला दाखवावं असं मला मनापासून वाटतं. शेजारच्या त्या मुलीने माझी स्क्रिप्ट लिहिली तेव्हा तिला कॉलेजच्या दोन सत्रांत डीएनएस जेवढं कळलं नव्हतं तेवढं एका रात्रीत कळलं, असं ती स्वतः म्हणाली. परवा तिने तिच्या आजीच्या गोधड्यांच्या नक्ष्यांचं पान करायला घेतलं. तिच्या घरचा राउटर उघडून आम्ही दोघींनी पत्ता पाहिला. १०० ने सुरू होत होता.

घरगुती दराने स्थिर पत्ता मिळावा म्हणून मी जूनमध्ये लेखी अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. पंधरा दिवसांत आमच्याकडे छाटण्या सुरू होतील. तोपर्यंत उत्तर आलं तर ते भाड्याचं मशीन बंद करीन आणि नाव पुन्हा माझ्या घराकडे वळवीन. टीटीएल अजून ३०० च आहे. पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
निवृत्त दूरध्वनी कर्मचारी,
मखमलाबाद रोड, नाशिक